बिल हरवलंय म्हणणाऱ्याकडून जुना फोन घेताना

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला निघाली आहे, तिच्यासाठी फोन बघतायत. ऑनलाइन जाहिरातीत पुण्यातलाच एक मुलगा सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ एफई सोळा हजारांना देतोय. दीड वर्ष वापरलेला, बॉक्स आहे, बिल मात्र 'घर बदलताना हरवलं'. फोटोत फोन नवाकोरा दिसतो. घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय तपासायचं?

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. जुने फोन मी विकत नाही, त्यामुळे यात माझा काही फायदा-तोटा नाही. माझ्याकडे माणसं येतात ती फोन घेऊन झाल्यावर, आणि बऱ्याचदा पडलेला चेहरा घेऊन.

फोनची दुखणी दोन जातींची असतात. काही पैसे टाकले की सुटतात, काही कितीही पैसे टाकले तरी सुटत नाहीत. बॅटरी, स्पीकर, चार्जिंग जॅक, मागची काच, अगदी डिस्प्लेसुद्धा बदलून मिळतो. पण फोन चोरीचा असेल, कुणाच्या थकलेल्या हप्त्याचा असेल किंवा दुसऱ्याच्या खात्याला अडकलेला असेल, तर माझ्याकडे त्यावर औषध नाही. गंमत अशी की गिऱ्हाईक फोन बघायला जातं तेव्हा अर्धा तास ओरखडे शोधतं, कॅमेऱ्याने झाडाचे फोटो काढून बघतं, आणि न सुटणाऱ्या गोष्टी विचारायच्या राहून जातात. आधी कागद, मग माणूस, फोन सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा.

म्हणून बिलापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तीच आहे.

दीड वर्षापूर्वी घेतलेल्या फोनचं बिल 'हरवतं' म्हणजे नक्की काय होतं? ऑनलाइन घेतला असेल तर त्या साइटवर त्याच्या खात्यात जुन्या ऑर्डरी जशाच्या तशा असतात, दोन मिनिटांत बिल उतरवून घेता येतं. दुकानातून घेतला असेल तर आता बहुतेक दुकानांची बिलं कॉम्प्युटरवर असतात. मोबाईल नंबर सांगितला की दुसरी प्रत काढून देतात, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. कागद हरवू शकतो, नोंद सहसा हरवत नाही. तेव्हा त्या मुलाला सरळ सांगा, बिलाची प्रत काढून पाठव, मला घाई नाही. खरंच हरवलं असेल तर तो दोन दिवसांत पाठवेल. नसेल पाठवायचं तर 'ताई, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज सांगा' असं सुरू होईल.

बिल आलं की त्यावर तीन गोष्टी बघा. नाव कुणाचं आहे. आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, छापलाय का, आणि तो फोनशी जुळतो का. आणि तिसरी, जी लोक बघतच नाहीत, खाली कुठे फायनान्स कंपनीचं नाव आहे का. हप्त्यावर घेतलेल्या फोनच्या बिलावर बहुतेक वेळा तसा उल्लेख असतो, आणि कधीकधी बिल 'हरवतं' ते त्या एका ओळीमुळेच.

ही हप्त्याची भानगड जरा नीट सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या काउंटरवर चोरीच्या फोनांपेक्षा हेच जास्त येतं. कोरेगावकडचा एक पोरगा, कॉलेजला जाणारा. त्याने ओळखीच्या ओळखीतून बारा हजारांना फोन घेतला. बॉक्स होता, चार्जर होता, रीसेट मारून दिलेला, सगळं व्यवस्थित. दोन महिने फोन मस्त चालला. तिसऱ्या महिन्यात एक दिवस सकाळी उठून बघतो तर स्क्रीनवर हप्ता थकल्याची सूचना, खाली एक फोन नंबर, बाकी काही उघडेना. पोरगं माझ्याकडे आलं, म्हणालं, "काका, व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा." मारला. फोन नव्यासारखा सुरू झाला, त्याचा चेहरा खुलला. वायफाय जोडलं आणि मिनिटभरात तीच स्क्रीन परत.

असं होतं, कारण ते कुलूप फोनच्या मेमरीत नसतं. कंपनीच्या सर्व्हरवर त्या आयएमईआयच्या नावाने असतं. फोनला इंटरनेट मिळालं की तो विचारतो, मी मोकळा आहे का? उत्तर 'नाही' असं आलं की पुन्हा बंद. मूळ मालकाने वर्षभराच्या हप्त्यांवर फोन घेतला, चार महिन्यांनी विकला, पुढचे दोन हप्ते भरले आणि सोडून दिलं. त्याचा नंबर बंद. फायनान्सवाले या पोराशी बोलायला तयार नाहीत, कारण कर्ज त्याच्या नावावर नाही. आता उरलेले हप्ते भरले तरच फोन सुटणार, म्हणजे बारा हजार देऊन झाल्यावर पुन्हा कुणातरी तिऱ्हाइताचं कर्ज फेडायचं. तो फोन अजून त्याच्या कपाटात पडून आहे.

यात लक्षात घेण्यासारखं एवढंच, की विकत घेतला त्या दिवशी फोन पूर्ण ठीक होता. कुठल्याही तपासणीत तो नापास झाला नसता. म्हणून हप्त्याबद्दल तोंडी विचारून भागत नाही. बिलावर फायनान्सचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, मागायची. शेवटचा हप्ता भरल्यावर ती मिळते. सगळ्याच कर्जांत फोनला कुलूप घालतात असं नाही, पण कुठल्यात घालतात आणि कुठल्यात नाही हे तुम्ही-आम्ही बाहेरून ओळखू शकत नाही. फोन हातात आल्यावर सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स' उघडून बघा. तिथे 'फाइंड हब' (पूर्वीचं 'फाइंड माय डिव्हाइस') यासारखी ओळखीची नावं सोडून एखादं फायनान्सचं किंवा कुठल्या कंपनीचं अ‍ॅप दिसलं, आणि ते बंद करता येत नसेल, तर फोन परत द्या. ऑफिसने कामासाठी दिलेले फोनही काही जण नोकरी सोडल्यावर विकतात. त्यांचीही हीच कथा.

आता आयएमईआय. डायलवर *#०६# टाकला की पंधरा आकडी नंबर येतो. दोन सिमचा फोन असला की दोन येतात. हा फोनचा जन्मदाखला. तो बॉक्सवरच्या स्टिकरशी, सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'शी आणि बिलाशी जुळला पाहिजे. नुसत्या बॉक्सशी जुळतो म्हणून खूश होऊ नका. रिकामे बॉक्स बाजारात विकत मिळतात, आणि स्टिकर छापायला काय लागतं?

फोन बघायला जायच्या आधीच एक काम घरबसल्या करा. त्या मुलाकडून *#०६# केलेल्या स्क्रीनचा फोटो मागवा. मग तुमच्या फोनवरून इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ला पाठवा. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आणि अ‍ॅपवरही हीच सोय आहे. पोर्टल २०२३च्या मे महिन्यात सगळ्यांसाठी सुरू झालं, पण हरवलेले फोन देशभर बंद करण्याच्या या यंत्रणेचा पहिला प्रयोग २०१९मध्ये आपल्याच महाराष्ट्रात झाला होता. उत्तरात फोनची कंपनी, मॉडेल आणि स्थिती येते. 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' असं काही दिसलं तर पुढे बोलायचंच नाही. मॉडेल भलतंच दिसलं, म्हणजे हातात एस२३ एफई आणि उत्तरात दुसराच कुठला साधा फोन, तर नंबर बदललेला आहे असं समजा. नंबरशी अशी छेडछाड करणाऱ्याला २०२३च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. असला फोन फुकट मिळाला तरी घरात नको.

पण 'व्हॅलिड' असं उत्तर आलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. फोन चोरीला गेला की माणूस आधी दोन दिवस शोधतो, मग पोलिसांत जातो, मग सिम पुन्हा काढतो, मग पोर्टलवर नोंद करतो. काल पुण्याच्या बसमध्ये मारलेला फोन आज यादीत नसेल, पुढच्या आठवड्यात असेल. एका ओळखीच्या गृहस्थांना असाच फोन आला होता, फोन घेतल्यावर दीड महिन्याने, परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून. तुमचं सिम ज्या हँडसेटमध्ये आहे तो चोरीला गेलेला आहे, घेऊन या. घेऊन गेले, जमा केला, रिकाम्या हाताने परत आले. त्यांच्याकडे विकणाऱ्याची सहीची पावती आणि यूपीआयने पैसे दिल्याची नोंद होती, म्हणून प्रश्न विचारून सोडलं. भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ आहे, पूर्वी आयपीसीत ४११ होतं तेच. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. यातलं 'वाटायला कारण असताना' हे नीट वाचा. तीस हजारांचा फोन आठ हजारांत, बिल नाही, रोख पैसे, रस्त्यावर व्यवहार, हे सगळं एकत्र आलं की 'मला काय माहीत' म्हणणं जड जातं.

कागद जुळले की माणूस. बिलावर नाव त्याचंच आहे का? वडिलांचं किंवा भावाचं असेल तर त्यात वावगं काही नाही, घरात असंच असतं, पण मग त्या माणसाशी फोनवर बोला. फोन का विकतोय हे विचारा आणि उत्तर लक्षात ठेवा. नंतर गप्पांच्या ओघात पुन्हा विचारा. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा कंटाळून तेच सांगतो. भेटायचं दिवसा, आणि जमलं तर त्याच्या घरी किंवा ऑफिसात. घरचं माणूस पाणी देतं, शेजारी डोकावतो, पत्ता कळतो. ते नको वाटत असेल तर माणसांची वर्दळ असलेलं एखादं हॉटेल, जिथे तासभर बसता येईल. पेट्रोल पंपाजवळ, गाडीत बसून, 'मी फक्त दहा मिनिटं थांबणार आहे' असं असेल तर जाऊच नका. मुलीला एकटीला पाठवू नका, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आगाऊ पैसे एक रुपयाही नाही. 'बुकिंगपुरते पाचशे टाका' नाही, 'कुरिअरने पाठवतो' नाही. 'मी फौजेत आहे, बदली झालीय, कॅन्टीनचं कार्ड पाठवतो' हा तर आता इतका जुना फंडा झालाय की त्याचा कंटाळा यायला हवा, तरी माणसं फसतात, कारण गणवेशावर आपला विश्वास असतो. आणि एक पक्कं डोक्यात ठेवा, पैसे मिळवायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लगेच फिरवायचा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात.

आता फोन हातात घ्या. पण अजूनही ओरखडे नाही बघायचे. पहिलं काम रीसेट, तेही तुमच्या समोर. 'मी घरूनच रीसेट मारून आणलाय' हे चालणार नाही असं आधीच सांगून ठेवा. फोन त्याच्या खात्यासकट, चालू अवस्थेत आला पाहिजे. स्वतःच्या पिनने तो उघडतो, त्याचे फोटो, त्याचे मेसेज दिसतात, हीच मालकीची मोठी खूण. मग त्याला सांगा, सेटिंगमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन गुगल आणि सॅमसंग, दोन्ही खाती काढ. पासवर्ड विचारेल, त्याला तो आठवला पाहिजे. त्यानंतर 'जनरल मॅनेजमेंट'मधून 'फॅक्टरी डेटा रीसेट'.

रीसेट झाल्यावर फोन पुन्हा सुरू होईल तेव्हा तुमच्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट जोडा आणि तुमच्या गुगल खात्याने होम स्क्रीनपर्यंत जा. मध्येच जुन्या मालकाचा पिन किंवा 'आधी या फोनवर असलेलं खातं टाका' असं आलं, तर खातं नीट निघालेलं नाही. समोरच बसलाय तो, त्यालाच टाकायला लावा. त्याला टाकता येत नसेल तर फोन त्याचा नाही. हे कुलूप अँड्रॉइडमध्ये ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून आहे. आयफोनचं तर त्याच्याही आधीपासून, २०१३च्या आयओएस ७पासून. 'दुकानात दोनशे रुपयांत काढून देतात' असं कुणी म्हटलं तर त्या दुकानात तोच जाऊ दे आधी. इंटरनेट जोडल्यावर पाचेक मिनिटं फोन तसाच ठेवा, मघाशी सांगितलेली हप्त्याची स्क्रीन येते का ते बघायला.

हे झालं की निम्मी लढाई जिंकलात. आता माझ्या धंद्यातलं थोडं.

बोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, काम झालेला फोन ओळखणं हे सगळ्यात अवघड. पाण्यात पडलेला, किंवा आयसी, म्हणजे बोर्डवरची चिप, काढून-बसवून चालू केलेला फोन गार असताना अगदी गुणी बाळासारखा वागतो. विकणारा तो खिशातून काढून देतो, तुम्ही दहा मिनिटं बघता, सगळं चालतं. घरी जाऊन अर्धा तास व्हिडिओ कॉल केला की नेटवर्क जातं किंवा फोन आपोआप बंद होऊन सुरू होतो. बोर्ड तापला की कच्चं केलेलं सोल्डरिंगचं काम बोलायला लागतं. म्हणून फोन आधी तापवायचा. कॅमेरा उघडा, फोर-के व्हिडिओ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, तोवर चहा मागवा. थोडा गरम होणार, ते ठीक आहे. हातात धरवेना इतका झाला किंवा कॅमेरा लगेच बंद पडला तर शंका घ्या. आणि तसाच गरम असताना तुमचं सिम टाकून फोन लावा, वायफाय, ब्लूटूथ, फाइव्ह-जी बघा. सिमचे दोन्ही खण तपासा. माझ्या मते या पंधरा मिनिटांना बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त किंमत आहे.

विकणारा चुळबुळ करायला लागतो ती बहुतेक याच वेळी.

डिस्प्लेचं आता. या फोनला अमोलेड पडदा आहे, आणि सगळ्यात महाग भाग तोच. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत डायलवर *#०*# टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे येतात. प्रत्येकावर बारीक नजरेने बघा, उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ, कोपऱ्यात काळा डाग, किंवा कीबोर्डचा, व्हॉट्सअ‍ॅपचा पुसट ठसा. केसासारखी बारीक रेघसुद्धा सोडू नका. अमोलेडवर एक आली की दुसरीला वेळ लागत नाही, आणि त्यावर पडदा बदलण्यावाचून उपाय नाही. टचच्या चाचणीत बोटाने सगळे चौकोन भरायचे. कडेचा एखादा चौकोन भरत नसेल तर तिथे टच मेलाय.

पडदा बदललेला असेल तर? बदलणं वाईट नाही, कॉपी बसवणं वाईट. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मी माल आणायला जातो तेव्हा एकाच फोनचा डिस्प्ले मला तीन-चार प्रतींत दाखवतात, आणि सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांच्यात कित्येक पटींचा फरक असतो. स्वस्तातला असतो साधा एलसीडी. ओळखायचा असा: पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस वाढवा, फोन टेबलाखाली किंवा ओढणीत धरून अंधार करा. अमोलेड असेल तर पडदा बंद असल्यासारखा गडद काळा दिसतो. एलसीडी कॉपी राखाडी उजेड मारते. दुसरी खूण ठशाची. या फोनचा फिंगरप्रिंट पडद्याच्या आतून वाचला जातो. एलसीडीच्या मागून त्याला बोट दिसतच नाही. दोन बोटांचे ठसे नोंदवून पाच-सहा वेळा उघडून बघा.

फोन एकदा उघडला गेला असेल तर त्याचं पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं असं धरून चाला. आयपी६८ लिहिलेलं असतं ते कारखान्यातल्या गोंदाच्या भरवशावर. मागच्या काचेच्या कडेवरून नख फिरवा, कुठे उचकटल्यासारखी फट किंवा गोंदाची पिवळी कड लागते का बघा. टॉर्च मारून चार्जिंगच्या भोकात आणि सिमच्या खणात डोकवा. हिरवट गंज दिसला, किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून धुकं दिसलं, तर पाणी आत जाऊन आलंय.

कॅमेरे मागचे तीनही आणि पुढचा, प्रत्येक वेगवेगळा उघडून जवळचं आणि लांबचं. चित्र थरथरत असेल किंवा आतून खुळखुळ येत असेल तर फोन जोरात आपटलाय. कॉलमध्ये कानाला लावल्यावर पडदा बंद होतो का, स्पीकरवर टाकल्यावर समोरच्याला तुमचा आवाज नीट जातो का, व्हिडिओत आवाज येतो का. चार्जर स्वतःचा न्या. पिन लावून वायर हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर जॅक खराब, पण तो बदलता येतो, त्यावर भाव पाडा. बॅटरीचंही तसंच. सॅमसंगच्या 'मेंबर्स' अ‍ॅपमध्ये 'डायग्नॉस्टिक्स' आहे, तिथे बॅटरीची स्थिती कळते. दीड-दोन वर्षांच्या फोनची बॅटरी थोडी थकलेली असणारच. बॅटरीसाठी चांगला फोन सोडू नका.

सॅमसंगसाठी आणखी एक युक्ती, फारसं कुणी करत नाही. 'सिक्युअर फोल्डर' सुरू करून बघा. फोन कधीकाळी रूट केलेला असेल, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर उचकटलेलं असेल, तर तो सुरूच होत नाही. एकदा तसं झालं की ती खूण पुसता येत नाही. अशा फोनवर बँकेची अ‍ॅप्सही त्रास देऊ शकतात, आणि मुलीला फी भरायची असते, मेसचे पैसे द्यायचे असतात.

भावाबद्दल दोन शब्द. एस२३ एफई २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आला. कंपनीने त्याला अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट कबूल केले होते, म्हणजे साधारण २०२८ अखेरपर्यंत. तोवर मुलीची इंजिनिअरिंगची काही वर्षं निघतील. तिला त्याहून जास्त चालवायचा असेल तर तेवढं भावात धरा. सोळा हजार हा आकडा बरा की जास्त ते असं काढा: सर्व्हिस सेंटरला फोन करून मूळ डिस्प्लेचा आणि बॅटरीचा आजचा भाव विचारा. समजा सहा महिन्यांत डिस्प्ले बदलायची वेळ आली, तर एकूण किती पडला? तो आकडा वॉरंटी असलेल्या नव्या साध्या फोनच्या पुढे जात असेल तर मी स्वतः नवा साधा फोन घेईन. मुलींना हे पटत नाही, माझ्या घरीही पटलेलं नाही.

आयफोनकडे गाडी वळलीच, तर सेटिंगमध्ये 'जनरल'मध्ये 'अबाउट' उघडा. मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर एम असेल तर तो नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदलून दिलेला. जरा नव्या मॉडेलांत तिथेच खाली बदललेल्या भागांची यादीही दिसते. अमेरिकेतून आणलेल्या आयफोन १४ आणि १५ला सिमचा खणच नसतो, हे फोन घेतल्यावर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

सगळं मनासारखं झालं तर पैसे यूपीआयने, आणि त्याच माणसाच्या खात्यावर. यूपीआयवर येणारं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि (बिल घरच्या दुसऱ्या कुणाच्या नावावर नसेल तर) बिलावरचं नाव जुळलं पाहिजे. 'माझ्या मित्राच्या नंबरवर टाका' म्हणाला तर फोन टेबलावर ठेवा. रोखच हवेत म्हणत असेल तर किमान शंभर रुपये यूपीआयने पाठवा, म्हणजे नाव नोंदीत राहील.

आणि पावती लिहून घ्या. वकिलाची भाषा नको, वहीचं पान चालेल. मी लोकांना हा मजकूर देतो: 'मी, अमुक, राहणार तमुक, माझ्या मालकीचा सॅमसंग गॅलेक्सी एस२३ एफई हा फोन, आयएमईआय क्रमांक एक व दोन असे असे, आज तारीख अमुक रोजी श्रीमती अमुक यांना रुपये इतक्यास विकला. रक्कम यूपीआयने मिळाली. हा फोन चोरीचा नाही, त्यावर कोणतंही कर्ज अथवा हप्ता बाकी नाही. तसं निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी माझी राहील.' खाली सही, मोबाईल नंबर, आणि ओळखपत्राची प्रत. आधारच हवं असा हट्ट नको, लायसन्स चालेल. आधार देत असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं घ्या. पावतीचे दोन फोटो, एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. फोनवर हप्ते बाकी नाहीत याची शाश्वती कुठलंच अ‍ॅप देत नाही, उद्या काही निघालं तर हातात असतो तो हा कागद.

तुमच्या त्या मुलाला आज रात्री एवढाच मेसेज टाका: 'फोन आवडला. बिलाची प्रत आणि *#०६#चा फोटो पाठव. हप्त्यावर घेतला असशील तर एनओसीही. रविवारी दुपारी येते, तासभर वेळ ठेव. रीसेट माझ्यासमोर करू, पावती लिहू, पैसे तुझ्याच यूपीआयवर.' त्यावर 'बरं ताई' आलं, तर रविवारी जा, सोबत चार्जर, टाइप-सी इअरफोन, चालू सिम आणि एक माणूस घेऊन. 'एवढं कोण करतं, सोळा हजारांचा तर फोन आहे' असं आलं, तर जाहिरातींचं पान पुढे सरकवा. असे एस२३ एफई पुण्यात अजून पुष्कळ आहेत.